उतरणीवरचा प्रश्न : स्थितिक घर्षणाची सव्वातीनशे वर्षे

२४ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे 'प्रज्ञान' हे सहा चाकांचे रोव्हर 'विक्रम'च्या पोटातून बाहेर आले आणि एका छोट्या उतरणीवरून अलगद चंद्राच्या मातीवर उतरले. इस्रोने प्रसिद्ध केलेली ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. तिच्याकडे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहिले, तर त्याच्या मनात एक साधा प्रश्न यायला हवा. चंद्रावर गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम एक षष्ठांश. मग २६ किलो वस्तुमानाच्या त्या गाडीची उतरणीवरची पकडही तेवढीच सैल होत नाही का? ती घसरायला पृथ्वीपेक्षा लहान कोन पुरेसा ठरत नाही का?

उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, हे समजले की या विषयाचे दार उघडते. उतरणीवर ठेवलेल्या वस्तूच्या वजनाचे दोन घटक होतात. एक उताराच्या दिशेने, वस्तूला खाली ओढणारा. दुसरा उताराला लंब, वस्तूला पृष्ठभागावर दाबून धरणारा. घर्षणाची कमाल मर्यादा या दुसऱ्या घटकाच्या प्रमाणात असते. गुरुत्व कमी झाले की दोन्ही घटक सारख्याच पटीने कमी होतात आणि त्यांचे गुणोत्तर तसेच राहते. म्हणून ज्या कोनाला वस्तू घसरू लागते, त्याची टॅन्जंट म्हणजेच घर्षण गुणांक, मग ती उतरण चंद्रावर असो की घाटात. निर्वातात आणि धुळीत पृष्ठभागांचा स्वभाव बदलतो, हे खरे. पण गुरुत्व त्या समीकरणातून निघून जाते. मागे उरतो एक आकडा, घर्षण गुणांक. शाळेत तो 'दिलेला' असतो. निसर्गात तो कोण देतो, याचा शोध सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्याची एक शाखा थेट हिमालयाखाली व कोयनेच्या जलाशयाखाली गेलेली आहे.

प्रथम वर्गातील एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण लेखाचा शेवट तिच्यावरच उभा आहे. दहा किलोचे खोके ३० अंशांच्या उतरणीवर स्थिर आहे. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७ आहे. घर्षणबल किती? बरेच विद्यार्थी गुणांकाला लंबबलाने गुणून सुमारे ५९ न्यूटन असे उत्तर लिहितात. ते चूक आहे. खोक्याला खाली ओढणारा घटक ४९ न्यूटनांचा आहे आणि खोके हललेले नाही. अर्थात घर्षणही ४९ न्यूटनच आहे. ५९ ही फक्त मर्यादा. कोन १० अंश केला तर घर्षण आपोआप १७ न्यूटनांवर येईल. स्थितिक घर्षण हवे तेवढेच उत्तर देते, त्याहून अधिक नाही आणि उणेही नाही. म्हणूनच पुस्तकात तेथे समानतेचे चिन्ह नसते, असमानतेचे असते. आणि म्हणूनच स्थिर वस्तूकडे नुसते पाहून ती मर्यादेच्या किती जवळ आली आहे, हे ओळखता येत नाही. दहा अंशांवरचे खोके आणि घसरण्याच्या उंबरठ्यावरचे खोके डोळ्यांना सारखेच शांत दिसतात.

घर्षणाचे पहिले पद्धतशीर प्रयोग लिओनार्दो द विंचीच्या वह्यांमध्ये आढळतात. १४९३ च्या सुमारास आणि त्यानंतरच्या वर्षांत त्याने ठोकळे, दोऱ्या, कप्प्या आणि उतरणी यांची रेखाटने काढली. वजन दुप्पट केले की घर्षणही दुप्पट होते, आणि ठोकळा आडवा ठेवला काय किंवा उभा ठेवला काय, फरक पडत नाही, हे त्याने टिपून ठेवले. घर्षण वजनाच्या चतुर्थांश असते, असा त्याचा अंदाज होता. पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत. शतकानुशतके त्या बंदच राहिल्या, आणि तेच नियम दुसऱ्या माणसाला पुन्हा शोधावे लागले.

तो दुसरा माणूस म्हणजे गियोम आमाँताँ. तरुणपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या या फ्रेंच संशोधकाने १६९९ च्या डिसेंबरात पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध मांडला. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे दोन नियम आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. तांबे, लोखंड, शिसे, लाकूड अशा निरनिराळ्या पदार्थांसाठी त्याला घर्षण भाराच्या सुमारे एक तृतीयांश आढळले. इतक्या वेगळ्या पदार्थांना एकच आकडा कसा, याचे कोडे आज सुटते. त्याने सारे पृष्ठभाग डुकराच्या चरबीने माखले होते. तो बऱ्याच अंशी चरबीचाच गुणांक मोजत होता! क्षेत्रफळाचा नियम मात्र अकादमीला पटेना. मोठा पृष्ठभाग अधिक घासणार, हे तर उघडच वाटते. अकादमीचे सदस्य फिलिप द ला हिर यांनी स्वतः प्रयोग करून पाहिले आणि आमाँताँ बरोबर निघाला. तसे का, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. तो प्रश्न पुढे अडीचशे वर्षे तसाच राहिला.

पन्नासेक वर्षांनी लेओनार्ड ऑयलर याने बर्लिनच्या अकादमीसाठी १७४८ च्या खंडात या विषयावर दोन निबंध लिहिले. त्यांतला एक युक्तिवाद मला भौतिकशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो, कारण त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक फळी आणि एक ठोकळा. फळी हळूहळू तिरपी करत न्या. एका कोनाला ठोकळा सुटतो. त्या क्षणी ओढणारे बल घर्षणाच्या मर्यादेपेक्षा केसभरच जास्त असते. सुटल्यानंतरही घर्षण तेवढेच राहिले, तर ठोकळ्यावरचे निव्वळ बल जवळजवळ शून्य असायला हवे आणि तो गोगलगाईसारखा सरकायला हवा. प्रत्यक्षात तो झपकन खाली येतो. म्हणजे गतीतले घर्षण विरामातल्या घर्षणापेक्षा नक्कीच कमी आहे. स्थितिक आणि गतिक घर्षणाचा जो भेद आज नववी-दहावीचा विद्यार्थीही जाणतो, तो असा एका फळीच्या उतारावरून तर्काने काढलेला आहे.

घर्षणाचे कारण म्हणून ऑयलरने पृष्ठभागावरच्या सूक्ष्म दातांची कल्पना केली. एका पृष्ठभागाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात, आणि सरकण्यासाठी ते दात चढून जावे लागतात. चित्र आकर्षक होते, पण त्यात एक खोट होती. स्कॉटलंडच्या जॉन लेस्ली याने १८०४ मध्ये ती नेमकी दाखवली. दात चढताना जितकी ऊर्जा खर्च होते, तितकीच पलीकडे उतरताना परत मिळते. मग घासल्याने तापणाऱ्या हातांना ऊब कोठून मिळते? नुसत्या चढउतारांनी घर्षणाचा हिशेब लागत नाही.

दरम्यान हा प्रश्न गोदीत जाऊन पोहोचला होता. फ्रेंच नौदलाला कप्पी, दोर गुंडाळण्याचा उभा रहाट आणि उतरण या साधनांसाठी भरवशाचे आकडे हवे होते. बांधून झालेले जहाज उतरणीवरूनच पाण्यात सोडले जाते. ते अडले तर संकट आणि अवेळी सुटले तर त्याहून मोठे. अकादमीने यासाठी पारितोषिक ठेवले आणि १७८१ मध्ये ते शार्ल-ऑग्युस्तँ कुलाँ या लष्करी अभियंत्याला मिळाले. विद्युत प्रभारांच्या नियमामुळे आपण ज्याला ओळखतो, तोच हा कुलाँ. रोशफोरच्या नौदल गोदीत, जहाजबांधणीला शोभतील एवढ्या मोठ्या भारांखाली, त्याने लाकडावर लाकूड आणि धातूवर धातू घासून पाहिले. पुस्तकात त्याचे नाव गतिक घर्षणाच्या नियमासाठी येते. माझ्या मते त्याचा अधिक खोल शोध दुसराच होता. ओकच्या लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून काही वेळ तसेच राहू दिले, तर त्यांना हलवायला लागणारे बल वाढत जाते. आरंभी भराभर, मग सावकाश. स्थितिक घर्षणाचा गुणांक हा स्थिर आकडा नाही. थांबलेल्या वस्तूला, आपण किती वेळ थांबलो आहोत, हे एका अर्थाने 'आठवत' असते.

ही आठवण साठते कोठे, याचे उत्तर विसाव्या शतकाने दिले. केंब्रिजच्या फ्रँक फिलिप बोडेन आणि डेव्हिड टेबर यांनी १९३९ पासून दाखवून दिले की, आपल्याला एकमेकांना टेकलेले दिसणारे दोन सपाट पृष्ठभाग प्रत्यक्षात अगदी थोड्या उंचवट्यांच्या शेंड्यांवरच टेकलेले असतात. खरे संपर्कक्षेत्र हे दिसणाऱ्या क्षेत्राचा अत्यल्प अंश असते. भार वाढला की शेंडे चेपतात, नवे शेंडे टेकतात आणि खरे क्षेत्र भाराच्या प्रमाणात वाढते. दिसणारे क्षेत्र मोठे असो वा लहान, तोच भार तितकेच खरे क्षेत्र निर्माण करतो. आमाँताँचे कोडे येथे सुटले. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून असतेच, पण ते क्षेत्रफळ आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कुलाँच्या निरीक्षणाचाही अर्थ लागला. भाराखाली दबलेले शेंडे काळाबरोबर आणखी पसरत राहतात, म्हणून विराम जितका लांब, तितकी पकड घट्ट. आणि शेंडे जुळताना व तुटताना ऊर्जा उष्णतेत जाते, हे लेस्लीच्या आक्षेपाचे उत्तर.

या कथेत भारताचे पान त्याआधीच लिहिले गेले होते, आणि ते कोलकात्यात. २८ फेब्रुवारीला आपण रामन परिणामाचे स्मरण करतो. पण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पहिले मोठे काम ध्वनीवर होते. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने १९१८ मध्ये त्यांचा व्हायोलिन कुळातील वाद्यांच्या तारांवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. गज तारेवर फिरतो तेव्हा काय घडते? राळ लावलेले केस तारेला स्थितिक घर्षणाने पकडून आपल्याबरोबर ओढत नेतात. तार जितकी खेचली जाते, तितकी मागे फिरण्याची तिची ओढ वाढते. ती ओढ घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेली की तार सुटते आणि कमी असलेल्या गतिक घर्षणाखालून सर्रकन मागे येते. पुन्हा पकड, पुन्हा सुटका. हे सेकंदाला शेकडो वेळा होते आणि आपण त्याला सूर म्हणतो. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात या हालचालीचे रूप पाहिले होते. रामन यांनी तिचे गणित बांधले आणि १९२० मध्ये यंत्राने वाजवलेल्या व्हायोलिनवर प्रयोग करून, सूर टिकवायला गजाचा किमान दाब किती लागतो आणि तो गजाच्या वेगानुसार व घोडीपासूनच्या अंतरानुसार कसा बदलतो, हे मोजले. ऑयलरच्या फळीवर जे एकदाच घडत होते, ते तारेवर अखंड घडत राहते.

पकड आणि सुटका यांची हीच साखळी खडकातही असते. १९६६ मध्ये अमेरिकेतील विल्यम ब्रेस आणि जेम्स बायर्ली यांनी प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली ग्रॅनाइट घासून दाखवले आणि, उथळ भूकंप म्हणजे जुन्या भ्रंशावर होणारी अशीच झटक्याची घसरण असावी, असा प्रस्ताव मांडला. भूकंपात खडक नव्याने फुटतो, ही कल्पना त्यामुळे मागे पडली. बहुतेक वेळा आधीच अस्तित्वात असलेली चीर घर्षणाने धरून ठेवलेली असते आणि ती सुटते. पुढे जेम्स डीटेरिक आणि अँडी रुइना यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत असे घर्षणनियम मांडले, ज्यांत वेगाबरोबर पृष्ठभागाचा इतिहासही येतो. कुलाँच्या ओकने जे सांगितले होते, ते आता भूकंपशास्त्राच्या समीकरणात आले.

आपल्या देशाच्या उत्तरेला अशीच एक अवाढव्य उतरण जमिनीखाली पसरलेली आहे. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली काही अंशांच्या मंद उताराने उत्तरेकडे शिरतो. या सीमेला मुख्य हिमालयीन क्षेप म्हणतात. येथे वस्तू स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही. खालचा पट्ट आत ढकलला जात आहे. पण पृष्ठभागाचा हिशेब तोच, एकीकडे रेटा आणि दुसरीकडे घर्षणाची मर्यादा. हिमालयात दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर सरक सामावली जाते. त्या उतरणीचा वरचा, साधारण शंभर किलोमीटर रुंदीचा भाग मात्र अडकून बसलेला आहे. तेथे खडक सरकत नाहीत, वाकत जातात. शतकाला दोन मीटर या दराने उधारी साठते आणि कधीतरी काही सेकंदांत चुकती होते. १९०५ कांगडा, १९३४ बिहार-नेपाळ, १९५० आसाम, २०१५ गोरखा. गोरखाच्या भूकंपात काठमांडूचे खोरे क्षणार्धात दक्षिणेकडे मीटर-दीड मीटरहून अधिक सरकले आणि सुमारे एक मीटर वर उचलले गेले.

पण येथे भूशास्त्रज्ञांना एक जुनी अडचण भेडसावत होती. दहापट-वीसपट किलोमीटर रुंदीचे खडकांचे थर सपाटीवरून सरकल्याचे पुरावे जगभर दिसतात. कोरड्या खडकाचा घर्षण गुणांक साधारण ०.६ च्या पुढे असतो. इतके घर्षण ओलांडण्याएवढा जोर मागून लावला, तर थर सरकण्याआधी चिरडूनच जाईल. १९५९ मध्ये किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी यावर उपाय सुचवला, आणि तो पटवायला बिअरचा रिकामा डबा वापरला. ओल्या काचेवर ठेवलेला डबा साधारण १७ अंशांच्या उताराला घसरतो. तोच डबा गार करून, उघडे तोंड खाली ठेवून लावला, तर अंशभराच्या उतारावरही घरंगळू लागतो. आतली गार हवा तापून प्रसरण पावते आणि डब्याला आतून उचलून धरते. घर्षण गुणांक बदललेला नसतो. लंबबल कमी झालेले असते. खडकांच्या फटींतले दाबाखालचे पाणी नेमके हेच करते.

हा प्रबंध प्रसिद्ध झाला त्या सुमारास सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण उभे राहत होते. जलाशय १९६० च्या दशकाच्या आरंभी भरू लागला आणि पाठोपाठ त्या परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तेथील भ्रंश जवळजवळ उभा आहे, त्याला उतरण म्हणता येणार नाही. पण घर्षणाचा नियम दिशा विचारत नाही. खोलवर आधीच ताणलेल्या भ्रंशात पाण्याचा दाब पोहोचला, दाबून धरणारे बल घटले आणि मर्यादा खाली आली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण दशकानुदशके अभ्यासले. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा छोट्या क्षेत्रात तेव्हापासून ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जगात याहून योग्य जागा क्वचितच असेल. म्हणूनच केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा उभारली आणि कोयना परिसरात बेसॉल्टचे थर भेदून सुमारे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर २०१७ मध्ये पूर्ण केले.

धरणाने भूकंप 'घडवला' असे म्हणणे मात्र अचूक नाही. ताण पृथ्वीचाच होता आणि तो आधीपासून साठलेला होता. पाण्याने फक्त तारीख अलीकडे आणली. डब्यातल्या उबदार हवेने डब्याला ढकलले नव्हते, तसेच हे.

आता सुरुवातीच्या खोक्याकडे परत येऊ. दिल्लीत किंवा देहरादूनमध्ये धक्का बसला की काही तासांत आपल्या भ्रमणध्वनीवर संदेश फिरू लागतात, की आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप येणार. असे भाकीत का करता येत नाही, याचे पहिले कारण त्या असमानतेच्या चिन्हात आहे. अडकलेला भ्रंश, तो मर्यादेच्या किती जवळ आहे, हे बाहेरून दाखवत नाही. उपग्रहांच्या साहाय्याने आपण जमिनीचे वाकणे मिलिमीटरात मोजतो, म्हणजे रेटा किती वाढला हे सांगू शकतो. पण मर्यादा किती, हे भ्रंशाच्या इतिहासावर ठरते : तो शेवटचा कधी सुटला, त्यानंतर शेंडे किती घट्ट बसले, फटींत पाण्याचा दाब किती. त्यांतले काहीही दहा किलोमीटर खोलीवर आपल्याला थेट वाचता येत नाही. उत्तराखंड ते पश्चिम नेपाळ या पट्ट्यात दोन शतके उधारी साठत आहे, हे विज्ञान ठामपणे सांगते. वर्ष विचारले तर ते गप्प राहते, आणि ते गप्प राहणेही तितकेच ठाम ज्ञान आहे.

त्यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. तारीख कळणार नसेल, तर घर प्रत्येक तारखेसाठी तयार असायला हवे. भूकंपरोधक बांधकामाचे नियम आपल्याकडे आहेत. ते डोंगरउतारावरच्या प्रत्येक नव्या शाळेला आणि रुग्णालयाला लागू होतात की नाही, हे विचारणे आपल्या हाती आहे. विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी उतरणीचे गणित सोडवताना घर्षणबलाच्या जागी थेट गुणांक गुणिले लंबबल लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि वस्तू खरोखरच सुटण्याच्या बेतात आहे का, हे आधी तपासावे. परीक्षेत त्याने दोन गुण वाचतील. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मात्र ते तपासून पाहण्याची सोय नाही, म्हणून त्यांच्या भिंती आधीच मजबूत असाव्या लागतात.